कोकणकिनाऱ्यावरील वादळांची वहिवाट

परभणीच्या व्यासपीठावरून समुद्रातील वादळांविषयी बोलावे, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. आमच्या गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून दूर आहे, आणि बंगालचा उपसागर त्याहूनही लांब. आपल्यापैकी कित्येकांनी समुद्र पाहिला तो पोटापाण्यासाठी मुंबईस गेल्यावर. काहींनी तो अजून पाहिलेलाही नाही. मग किनाऱ्यावरच्या वादळांशी आपला संबंध काय? हा प्रश्न आम्हांस पुस्तकाने घातला नाही. तो मोंढ्यात एका हमालाने घातला.

२०२१ सालच्या सप्टेंबर महिन्याचा शेवटचा आठवडा होता. शेतात सोयाबीन काढणीस आले होते. मोंढ्यात मूग-उडदाची पोती पडली होती. अशात पाऊस सुरू झाला तो थांबेना. मराठवाड्यात ओढेनाले नद्यांसारखे वाहू लागले, उभी पिके पाण्यात गेली, हाताशी आलेला घास गेला. मोंढ्यात व्यापाऱ्यांनी पोत्यांवर ताडपत्र्या ओढल्या आणि व्यवहार थंडावला. हमालाची मजुरी पोत्यामागे असते. पोते हलले नाही तर त्याच्या घरची चूलही पेटत नाही. आमचे हमालबांधव ओट्यावर पाय वर घेऊन बसले होते. त्यांतल्या एका वृद्ध हमालाने आम्हांस विचारले, "भाऊ, हा एवढा पाऊस आला तरी कुठून?" आम्ही पुढारीपणाच्या सवयीने तत्काळ उत्तर दिले, "कुठून म्हणजे? परतीचा पाऊस आहे." म्हातारा काही बोलला नाही, पण त्याचे समाधान झाले नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही; जे झाले ते वाचनालयात झाले. तेव्हा पाऊस उघडल्यावर आम्ही वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रे चाळली, आणि आपण म्हाताऱ्यास चुकीचे उत्तर दिले असे आमच्या ध्यानात आले.

तो पाऊस समुद्रातून आला होता. बंगालच्या उपसागरात 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ उत्पन्न झाले. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्रच्या उत्तर टोकास, कलिंगपट्टणच्या बाजूला, जमिनीवर चढले. जमिनीवर येताच त्याचा जोर ओसरला, पण ते संपले नाही. तेलंगण ओलांडून त्याचा उरलेला भाग आमच्या मराठवाड्यावर आला, येथे आपले पाणी ओतून पश्चिमेस गेला, गुजरातजवळ अरबी समुद्रात उतरला, तेथे गरम पाणी मिळताच पुन्हा वादळ बनला आणि 'शाहीन' असे नवे नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळला. एका समुद्रात जन्मलेले वादळ आमच्या डोक्यावरून चालत जाऊन दुसऱ्या समुद्रात दुसऱ्यांदा जन्मले, आणि आम्ही त्यास परतीचा पाऊस म्हणत होतो. त्या दिवसापासून आम्ही ह्या विषयाचा नाद घेतला. आजचे विवेचन हे त्या हमालास द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे असे समजावे.

वादळ म्हणजे काय

जमिनीवरची वावटळ आपण सर्वांनी पाहिली आहे. चैत्र-वैशाखात मोकळ्या रानात धूळ, पाचोळा घेऊन ती भिरभिरत जाते आणि घटकाभरात विरून जाते. समुद्रातील चक्रीवादळ हे दिसण्यात तिचे थोरले भावंड वाटेल, परंतु त्याची जात निराळी आहे. वावटळीचा घेर काही हातांचा; चक्रीवादळाचा घेर शेकडो किलोमीटरांचा. वावटळ उन्हावर चालते. चक्रीवादळ वाफेवर चालते.

ज्यांनी जुन्या जिनिंग कारखान्यातला बॉयलर पाहिला आहे त्यांस हे चटकन समजेल. पाण्याची वाफ करण्यास जळण लागते. ते जळण फुकट जात नाही. वाफेत साठून राहते, आणि वाफेचे पुन्हा पाणी होऊ लागले की उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून अधिक तापले, आणि ते नुसते वरवर नव्हे तर चांगले खोलवर तापले, म्हणजे त्यावरून भरपूर वाफ उठते. ही वाफ उंच जाऊन थंडावते, तिचे ढग होतात, साठलेली उष्णता बाहेर पडते, हवा आणखी हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा भरण्यास चोहोबाजूंनी वारा धावतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने हा वारा सरळ मध्याकडे न जाता वळत जातो व चक्र धरतो. आपल्या उत्तर गोलार्धात हे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला म्हणजे आपला हवामान विभाग त्यास चक्रीवादळ म्हणतो व नाव देतो. जमीन लागली की खालची वाफ तुटते, भट्टीतले जळण काढून घ्यावे तसे होते, आणि वादळ मावळू लागते.

इंग्रजीतील 'सायक्लोन' हा शब्दही आपल्याच देशात घडला. गेल्याच्या गेल्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ राहत असत. जहाजांच्या नोंदवह्या तपासून वादळांचा अभ्यास करावा असा त्यांचा छंद. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव बनवले आणि ते जगभर रूढ झाले. पुढे १८६४ साली कलकत्त्यास भयंकर वादळ झाले, दुष्काळही पडले, आणि १८७५ साली सरकारने भारतीय हवामान विभाग स्थापन केला. म्हणजे हे खाते माणसे मेल्यानंतर निघाले. पुढच्यास ठेच लागली तेव्हा मागचा शहाणा झाला, असेच म्हणावयाचे.

वादळांचे पंचांग

वादळ केव्हा येईल हे कोणत्याही पंचांगात लिहिलेले नसते. परंतु वादळांचे हंगाम मात्र ठरलेले आहेत. आपल्या दोन्ही समुद्रांत ती वर्षातून दोन वेळा संभवतात. पहिला हंगाम पावसाळ्याच्या तोंडावर, मुख्यतः मे आणि जून. दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, समुद्र खवळलेला असतो. तरी खरी चक्रीवादळे त्या वेळी क्वचित होतात. कारण असे की त्या महिन्यांत खालचा वारा पश्चिमेकडून आणि उंचावरचा वारा पूर्वेकडून जोराने वाहतो. भोवऱ्याची आरी एका बाजूस आणि डोके दुसऱ्या बाजूस ओढले तर भोवरा फिरेल काय? तशीच गत वादळाची होते.

ह्यावरून कोणी असे समजू नये की जुलै महिना धोक्याचा नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंवर माणसे बुडाली. ती पावसाळी वाऱ्यालाटांची करणी होती, चक्रीवादळाची नव्हे. समुद्रास माणूस बुडवण्यासाठी दरवेळी चक्रीवादळच लागते असे नाही.

कोकणावर वादळे कमी का येतात

बंगालच्या उपसागरात वादळे अधिक, अरबी समुद्रात कमी. ह्या दोहोंचे प्रमाण चारास एक असे पूर्वापार धरले जाते. जी थोडी अरबी समुद्रात होतात त्यांतलीही फारच थोडी महाराष्ट्राच्या किनाऱ्यास लागतात. ह्याचे मर्म नकाशा पुढे ठेवून पाहिले म्हणजे कळते.

वादळ स्वतःच्या मनाने चालत नाही. उंचावरचे वारे त्यास वाहून नेतात, जसा ओढ्याचा प्रवाह भोवऱ्यास वाहून नेतो. अरबी समुद्रातील वादळ बहुधा लक्षद्वीपच्या आसपास उठते. तेथून त्यास तीन वाटा असतात. एक वायव्येची, ओमान-येमेनकडे. दुसरी उत्तरेची, थेट गुजरात-सिंधकडे. तिसरी वाट म्हणजे उत्तरेकडे जाता जाता ईशान्येस वळणे. आता कोकणचा किनारा पाहा. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत तो जवळजवळ दक्षिणोत्तर पसरला आहे. उत्तरेकडे जाणारे वादळ ह्या किनाऱ्यास समांतर जाते, रुळांशेजारच्या सडकेने मोटार जावी तसे. आणि समोर गुजरातचा किनारा आडवा पसरलेला असल्याने त्यावर आदळते. कोकणावर यावयाचे तर वादळाने नेमके वेळेवर उजवीकडे वळले पाहिजे. असे वळण क्वचित घेतले जाते. कोकणचे सुदैव आहे ते एवढेच.

जुन्या नोंदी काय सांगतात

क्वचित म्हणजे कधीच नाही असा अर्थ नव्हे. १६१८ सालच्या मे महिन्यात वसई आणि मुंबई ह्या भागावर मोठे वादळ आले. पोर्तुगीज अमलातील त्या वर्णनात सुमारे दोन हजार माणसे आणि साठ जहाजे नष्ट झाल्याचे म्हटले आहे. १८५४ सालच्या नोव्हेंबरात मुंबईवर वादळ आले. चार तासांत सुमारे एक हजार माणसे दगावली अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. १८८८ सालच्या ८ नोव्हेंबरला कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' नावाची आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि सातशेंवर उतारूंसह नाहीशी झाली. तीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. विसाव्या शतकात १९४० च्या ऑक्टोबरात व १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईस वादळाने झोडपले. १९६१ च्या मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर तीव्र वादळ चढले. मग २००९ सालच्या ११ नोव्हेंबरला 'फयान' अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील मासेमारीस गेलेल्या कित्येक होड्या त्यात सापडल्या. आणि ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आले.

आता ह्या यादीतले महिने पाहा: मे, नोव्हेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, मे, नोव्हेंबर, जून. जुलै नाही, ऑगस्ट नाही. चारशे वर्षे मागे गेले तरी वादळांची वहिवाट बदललेली दिसत नाही. दुसरी गोष्ट अशी की दोन मोठ्या वादळांमध्ये कधी कधी एका पिढीचे अंतर पडते. आजोबाने पाहिलेले वादळ नातवास गोष्टीसारखे वाटते. बंगालच्या उपसागरावरील खेड्यात वादळाची आठवण ताजी असते, कारण ते पुन्हा पुन्हा येते. आपल्या किनाऱ्यावर ते विसरण्याइतके दुर्मिळ आहे, आणि धोका नेमका ह्या विसरण्यात आहे.

ह्या यादीत एक प्रसिद्ध वादळ आम्ही मुद्दाम घातले नाही. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर वादळ येऊन एक लाख माणसे मेली असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. परंतु त्या काळी मुंबईत वर्तमानपत्रे होती, कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी होती. एक लाख माणसे मेली असती तर त्याचा गवगवा राहिला असता. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा असा कोणताही समकालीन पुरावा मिळाला नाही. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, आणि न झालेले वादळ झाले. छापले आहे म्हणून खरे मानू नये, हा धडा आम्हां वाचनालयात शिकलेल्यांनी तर विशेष ध्यानात ठेवला पाहिजे.

उजवा हात आणि डावा हात

'निसर्ग' वादळाच्या वेळी मुंबईत फार मोठा अनर्थ होईल अशी धास्ती होती. मुंबई बचावली, परंतु मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर आणि तिकडे दापोली-मंडणगडच्या बाजूची गावे उघडी पडली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून चांगले उत्पन्न येण्यास वर्षे लागतात, तेव्हा हे नुकसान एका हंगामाचे नव्हे.

मुंबई वाचली आणि श्रीवर्धन का नाही? वादळ ज्या दिशेने चालले आहे त्या दिशेस तोंड करून उभे राहिल्याची कल्पना करा. तुमच्या उजव्या हातास वाऱ्याचे फिरणे आणि वादळाचे पुढे सरकणे एकाच दिशेस असते. दोन्ही वेगांची बेरीज होते. डाव्या हातास ते एकमेकांच्या विरुद्ध असतात, वजाबाकी होते. 'निसर्ग' ईशान्येकडे चालले होते. म्हणून त्याच्या उजव्या हातास, म्हणजे दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगर आले, आणि डाव्या हातास मुंबई. शिवाय उजव्या बाजूचा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो व पाणी किनाऱ्यावर ढकलतो. काही किलोमीटर उत्तरेस सरकले असते तर वेगळे चित्र दिसले असते. ह्या गोष्टीस शहाणपण म्हणून कोणी आपल्या नावावर जमा करू नये.

वाऱ्याहूनही ह्या पाण्याचे भय मोठे. आमच्या गंगाखेडच्या घाटावरून वाहणारी गोदावरी, जिला आपण गंगाच म्हणतो, ती आंध्रात जेथे समुद्रास मिळते तेथे कोरिंगा नावाचे गजबजलेले बंदर होते. १८३९ सालच्या नोव्हेंबरात वादळाबरोबर समुद्र आत शिरला आणि ते बंदर उद्ध्वस्त झाले. त्याच किनाऱ्याच्या कृष्णामुखाशी, दिवीसीमा भागात, १९ नोव्हेंबर १९७७ रोजी दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. तेथला समुद्र उथळ आहे, त्यामुळे ढकललेले पाणी खाली जाण्यास जागा नसते. ते उंच उठते आणि सपाट जमिनीवर पसरते.

मरतो कोण

येथवर हवेचा हिशेब झाला. परंतु आमचा जन्म कामगारांत गेला. तेव्हा वादळात मरतो कोण, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

९ जून १९९८ रोजी गुजरातेत कांडला बंदरावर वादळ आले. समुद्राचे पाणी खाडीतून आत घुसले. त्या पाण्याच्या वाटेत मिठागरे होती, आणि मिठागरांवर काम करणाऱ्यांच्या व बंदरावरील मजुरांच्या झोपड्या होत्या. हजारांहून अधिक मृत्यू सरकारदरबारी नोंदले गेले, आणखी कित्येक माणसे बेपत्ता झाली. इशारा त्या झोपड्यांपर्यंत वेळेवर पोहोचला नाही अशी तक्रार तेव्हाही झाली. नेमकी किती माणसे गेली ह्यावर वाद राहिला, कारण पुष्कळ मजूर परप्रांतातून आलेले होते आणि त्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. १८८२ च्या न झालेल्या वादळात एक लाख मृत्यू मोजले गेले. आणि १९९८ च्या झालेल्या वादळात खरोखर मेलेली माणसे मोजण्यावाचून राहिली. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही तो जिवंतपणी मजुरीस मुकतो, आणि मेल्यावर मोजणीस.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २०२१ सालच्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळ कोकणास समांतर उत्तरेस चालले होते. मघाशी सांगितलेली दुसरी वाट ती हीच. १७ मे रोजी ते मुंबईसमोरून गेले आणि त्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर उनेच्या बाजूस चढले. हवामान विभागाचा इशारा काही दिवस आधीच प्रसिद्ध झाला होता. तरीही मुंबईपलीकडच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा कामगारांच्या वस्तीचा तराफा समुद्रातच राहिला. त्यावर २६१ माणसे होती. वाऱ्याने नांगर तुटले, तराफा वाहत गेला आणि बुडाला. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून दीडशेंहून अधिक माणसे वाचवली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तो तराफा व 'वरप्रदा' ही ओढबोट मिळून सत्तर किंवा त्याहून अधिक माणसे गेली. येथे इशारा नव्हता असे म्हणता येत नाही. इशारा होता, काम थांबले नाही.

हे कसे घडते हे आम्ही जवळून पाहिले आहे. २००९ मध्ये 'फयान' आले तेव्हा आमच्या पूर्णा तालुक्यातला एक गवंडी कोकणात एका बांधकामावर होता. त्याने परत आल्यावर आम्हांस सांगितले: सकाळपासून वारा वाढत होता, जवळच्या बंदरावर बावटा चढला होता, कोळ्यांनी होड्या ओढून घेतल्या होत्या. मुकादम म्हणाला, "स्लॅबचे काम अर्धे आहे, दुपारपर्यंत चालू द्या. ज्याला जायचे त्याने जावे, खाडा पडेल." एकही जण गेला नाही. दुपारी पत्र्याच्या शेडचे पत्रे कागदासारखे उडाले. दैव बलवत्तर म्हणून कोणी मेले नाही. महिनाअखेर पगार वाटला तेव्हा त्या दिवसाची अर्धी मजुरी कापलेली होती. आम्ही विचारले, "तू बावटा पाहिला होतास ना?" तो म्हणाला, "पाहिला होता भाऊ. पण बावटा बंदराला होता, आमच्या पोटाला नव्हता."

बंदरांवर असे एकपासून अकरापर्यंत क्रमांकांचे बावटे लावतात. पहिले दोन दूरच्या वादळाचे, तीन-चार स्थानिक सावधगिरीचे, पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महान धोक्याचे; आणि अकरावा म्हणजे वेधशाळेशी दळणवळणच तुटल्याचा. ही पद्धत उत्तम आहे. पण बावटा पाहून जहाजाचा कप्तान नांगर उचलू शकतो. रोजंदारीवरचा मजूर काय उचलणार?

मरण टाळता येते

ह्यावर कोणी म्हणेल, निसर्गापुढे माणसाचे काय चालते? हे म्हणणे अर्धेच खरे आहे. वादळ टळत नाही, मरण टळते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच ओडिशात १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलीन' आले, ३ मे २०१९ रोजी 'फानी' आले. 'फानी'च्या आधी सुमारे बारा लाख माणसे हलवण्यात आली होती. ह्या दोन्ही वादळांत मृत्यू दहा-दहा हजारांत नव्हे, शंभराच्या आत राहिले. मधल्या काळात त्या राज्याने निवारे बांधले होते, गावोगाव माणसे शिकवून तयार केली होती, आणि वादळ येण्यापूर्वी माणसे हलवण्याची सवय लावून घेतली होती. कांडला ज्या कच्छात आहे त्याच कच्छात २०२३ च्या जूनमध्ये 'बिपरजॉय' जखाऊ बंदराजवळ आले, तेव्हा आधी लाखाच्या आसपास माणसे हलवली गेली, आणि १९९८ ची पुनरावृत्ती झाली नाही. समुद्र तोच, किनारा तोच, महिनाही तोच. बदलली ती माणसांची तयारी.

आणि ही तयारी आता अधिक लागणार आहे. अरबी समुद्र पूर्वी तुलनेने शांत होता, तो तापत चालला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ ह्या काळाचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध केला. त्यात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या उत्तरार्धात पूर्वार्धाहून सुमारे निम्म्याने वाढल्याचे, आणि वादळे अधिक काळ टिकत असल्याचे दिसून आले. एकट्या २०१९ साली ह्या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. एरवी वर्षास सरासरी एखादेच होते. म्हणजे वहिवाट तीच राहिली तरी तिच्यावरची रहदारी वाढली आहे. आजोबा-नातवांमधले जे अंतर आम्ही मघाशी सांगितले ते 'फयान', 'निसर्ग' आणि 'तौक्ते' ह्यांनी मोडून काढलेच आहे.

आपण काय करावे

आता शेवटी पुन्हा परभणीकडे वळू. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी माणसे कामास बाहेर पडतात. कोणी उसतोडीस जातो, कोणी पनवेल-उरणकडे बांधकामावर, कोणी मुंबईच्या गोदामांत, कोणी ठाण्या-पालघरच्या कारखान्यांत. वादळाच्या वाटेवर आपले गाव नसेल, पण आपल्या गावची माणसे आहेत. म्हणून चार गोष्टी आम्ही सुचवतो.

पहिली, किनाऱ्याकडे कामास जाणाऱ्याने दोन हंगाम तोंडपाठ करावेत: मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुसरी, आपले नाव मुकादमाच्या वहीत, आधारासह आणि गावच्या पत्त्यासह, लिहून घेतल्याशिवाय कामास हात लावू नये. हे भांडण मजुरीसाठी असतेच. ते आपण माणूस म्हणून मोजले जावे ह्यासाठीही आहे. तिसरी, इशाऱ्याच्या दिवशी काम बंद आणि मजुरी चालू, ही मागणी प्रत्येक संघटनेने आपल्या मागणीपत्रकात घालावी. ह्यात मालकाचेही नुकसान नाही. एका दिवसाची मजुरी एका अपघाताहून स्वस्तच पडते. जोपर्यंत खाड्याची भीती आहे तोपर्यंत हवामान विभागाने कितीही अचूक भाकीत केले तरी ते मजुराच्या कामी येणार नाही. आणि चौथी गोष्ट आपल्या येथली: बंगालच्या उपसागरात सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळ उठल्याचे ऐकले की काढून ठेवलेले सोयाबीन झाकावे, नदीकाठची जनावरे वर आणावी, आणि मोंढ्यातील हमालांसाठी बंद दिवसांचा काही तरी निधी असावा. वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढल्यापासून आपल्याकडे येईपर्यंत एखादा-दीड दिवस हाती मिळतो. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा तो दिवस कामी लावलेला बरा.

तो वृद्ध हमाल अजूनही मोंढ्यात येतो. आता ओझे उचलत नाही, नुसता ओट्यावर बसतो. काही दिवसांनी आम्ही त्यास जाऊन सांगितले, "बाबा, तो पाऊस परतीचा नव्हता. तो पूर्वेच्या समुद्रातून आला आणि पश्चिमेच्या समुद्रात गेला." त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग तिकडच्या हमालांचीही मजुरी बुडाली असेल?" आम्ही होय म्हणालो. कलिंगपट्टणपासून ओमानपर्यंत त्या एका वादळाने किती मजुरांचे रोज बुडवले, ह्याची नोंद हवामान विभागाच्या नकाशावर नसते. ती ठेवण्याचे काम आपले आहे.